रेडिओबाईंचे सहा मुके आठवडे

शाळेत बाईंचं खरं नाव फक्त वेळापत्रकावर होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या रेडिओबाई. मुलं पाठीमागे म्हणायची, शिक्षकांच्या खोलीत तोंडावर म्हणायचे, आणि घरी नवरा बहुधा मनातल्या मनात म्हणत असावा, कारण मोठ्याने म्हणायला त्याला मधे जागाच मिळत नसे.

बाई सातवीला इंग्रजी शिकवत. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या वर्गात, मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास. डबे खाऊन, मैदानावर धावून घामाघूम झालेली एक्केचाळीस मुलं वर येत आणि बाकांवर कोसळत. बाई उंबऱ्यातच बोलायला लागत. "ओपन युवर बुक्स, पेज नंबर थर्टी टू, खिडकी कुणी उघडी टाकली, शर्ट आत खोच रे, येस, थर्टी टू, लास्ट लाइन!" तिथून सुटलेली गाडी थेट घंटेलाच थांबायची. एक ओळ इंग्रजीत वाचायची, तिचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, तो अर्थ पुन्हा फोडून सांगायचा, मग उत्तर फळ्यावर लिहायचं. मुलांनी ते वहीत उतरवायचं. एकोणीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. मुलं पासही होत होती. पण त्यांच्यातल्या कुणाला रस्त्यात एखाद्याने इंग्रजीत वेळ विचारली, तर ते मूल मनगटावरचं घड्याळ पुढे करून मोकळं होई.

या बडबडीमागे एक कारण होतं आणि ते नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत असताना बाई स्वतः इंग्रजीत नापास झाल्या होत्या. एकदा सपशेल, आणि दुसऱ्यांदा दोन गुणांनी वाचलेल्या. पुढे हट्टाने त्याच विषयाच्या मागे लागून त्या शिक्षिका झाल्या खऱ्या, पण त्या विषयाची धास्ती काही गेली नाही. आपण बोलत राहिलो की मधे कुणी काही विचारत नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकत नाही.

मग एका वर्षी आवाज बसायला लागला. आधी खरखर, मग मधेच चिरकणं. बाई गरम पाणी प्यायल्या, त्यांनी गुळण्या केल्या, आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. शेवटी एका गुरुवारी "पेज नंबर" एवढं झालं आणि पुढचा आकडा बाहेरच आला नाही. नुसती हवा आली.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"स्वरतंतूंवर गाठी आल्यात. लहान आहेत, घाबरू नका. पण बोलणं बंद."

बाईंनी भुवया उंचावल्या. म्हणजे किती?

"सहा आठवडे. पूर्ण बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजताना उलट ताण जास्त पडतो. ऐकलंत तर शस्त्रक्रियेची गरज पडणार नाही. नाही ऐकलंत, तर पुढच्या वेळी आपण ऑपरेशनच्या खोलीत भेटू."

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचा. चार माणसं लिफ्टमध्ये अडकून आरडाओरडा करत असली, तरी बाहेरून "आलो" एवढंच म्हणणारा माणूस. आता बायकोच्या वतीने बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर आली होती. तो घसा खाकरून म्हणाला, "बरं."

घरी सासूबाईंना ही बातमी सांगायला त्याला तीनदा ओरडावं लागलं, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. समजल्यावर त्या खुदकन हसल्या. "म्हणजे आता माझ्या बरोबरीची झालीस की गं. तुला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. भांडायचं तरी कसं आपण?" असं म्हणून त्यांनी आपली एक जुनी कोरी वही आणि पेन्सिल सुनेच्या हातात दिली. बाईंना वाईट वाटत होतं, तरी हसू फुटलं. ते आवाज न करता हसायचं, हेही नवीन शिकावं लागलं.

खरी पंचाईत शाळेची होती. त्याच वर्षी सासूबाईंचा पाय मोडला होता, त्यात बाईंची सगळी रजा संपलेली. बदली शिक्षक मिळत नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, मला खणखणीत आवाज आहे तरी ती सातवी माझं ऐकत नाही. तुम्ही मुक्याने काय करणार?"

बाईंनी वहीत लिहिलं, "दहा दिवस द्या."

"आणि दहा दिवसांत वर्ग डोक्यावर घेतला त्यांनी तर?"

बाईंनी त्याच ओळीखाली रेघ मारली. दहा दिवस.

मिळाले.

पहिल्या दिवसाची बाईंनी जय्यत तयारी केली होती. एका जाड कार्डावर त्यांनी सुवाच्य इंग्रजीत लिहिलं होतं की मला बोलायची मनाई आहे, तुम्ही शांत राहून सहकार्य करा. ते कार्ड पहिल्या बाकावरच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं आणि मग फळ्यावर धडा लिहायला लागायचं, असा बेत. बाई वर्गात आल्या, टेबलावर पिशवी ठेवली आणि आत हात घातला. कार्ड नव्हतं. पुस्तक होतं, डबा होता, छत्री होती. कार्ड नव्हतं. बाईंनी पिशवी पालथी केली. पर्स उघडली. पुस्तक उलटं धरून झटकलं.

रेडिओ लागत नाही म्हटल्यावर वर्गाने कान टवकारले.

"बाई, काय शोधताय?"

बाईंनी हात उडवले.

"पेन?" एकाने विचारलं. बाईंनी मान हलवली. "चष्मा?" तो नाकावरच होता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, इंग्लिशचा तास आहे, इंग्लिशमध्ये विचारा." हे त्या मुलाला का सुचलं, ते बाईंना आजवर कळलेलं नाही, पण त्याचे आभार त्या आजही मानतात. कारण मग धडाधड सुरू झालं. "की?" "मोबाइल?" "टिफिन?" "लेटर?" लेटरवर बाईंनी जोरात मान डोलावली आणि वर्गाने टाळ्या पिटल्या. त्यांना हा खेळच वाटत होता.

बाईंनी खडू उचलला आणि इंग्रजीत लिहिलं, माझा आवाज हरवला आहे.

मग खिडकीजवळचा एक टारगट पोरगा उठला, पालथ्या पिशवीकडे बोट दाखवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, युवर व्हॉइस वॉज इन द बॅग?"

वर्ग फुटला. बाई टेबलाला धरून हसल्या, खांदे गदागदा हलवत, आवाज न करता. एकोणीस वर्षांत त्यांच्या वर्गात कुणी इंग्रजीत विनोद केला नव्हता. केला असता तरी त्यांच्या बोलण्यात तो ऐकू आला नसता.

त्या दिवशी घरी येताना बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मुलं बोलली, कारण त्यांना खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं होतं. उद्या त्यांना काय जाणून घ्यावंसं वाटेल?

नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीत लिफ्टचं एक जुनं, निकामी बटण होतं. तीन आकडा कोरलेलं, बोटांनी दाबून दाबून गुळगुळीत झालेलं. बाईंनी ते मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर फक्त ते बटण, आणि फळ्यावर एक ओळ: ही लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते, दार उघडतं, समोर काय आहे? एका मुलीला तिथे समुद्र दिसला. एकाला त्याची मावशी दिसली, आणि ती अभ्यास झाला का विचारत होती. इंग्रजी मोडकं होतं, क्रियापदं कुठल्या कुठे पडली होती, पण बोलायला हात वर होते. बाईंनी मोजले. चौदा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि बाहेर कागद चिकटवला: आज पाहिलेली एक गोष्ट इंग्रजीत सांगा आणि आत या. जिन्यावर रांग लागली. रेड डॉग, ब्रोकन सायकल, माय सिस्टर क्राइंग. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर बाहेर आले. "जिन्यात काय तमाशा चाललाय?" रांगेतल्या मुलीने वळून त्यांनाच सांगितलं, "सर, आय सॉ अॅन अँग्री टीचर," आणि ती आत सटकली. सर तक्रार करायला मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले खरे, पण सांगता सांगता स्वतःच हसायला लागले.

सगळेच दिवस असे गेले नाहीत. सहाव्या दिवशी बाईंनी खेळ मांडला तो साफ फसला. डोळे बांधून वस्तू ओळखायची होती. एकाने दुसऱ्याला ढकललं, दुसऱ्याने बाक पाडला, आणि दोन मिनिटांत एक्केचाळीस जण एकदम ओरडायला लागले. बाईंनी डस्टर आपटलं, टाळ्या वाजवल्या. कुणी बघेना. ओरडायला तोंड उघडलं आणि डॉक्टर आठवून मिटलं. शेवटी मुख्याध्यापिकाबाईच वर आल्या. त्यांच्या एका हाकेत वर्ग चिडीचूप झाला.

"चार दिवस उरले," त्या जाताना एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी बाईंनी वहीत नवऱ्याला सगळं लिहून दाखवलं. शेवटी लिहिलं, "मला नाही जमणार. उद्या सांगते त्यांना." त्याने दोनदा वाचलं. मग हा मितभाषी माणूस वही बाजूला ठेवून बोलायला लागला, आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी बाईंनी त्याला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"लिफ्ट अडकली ना, की आत सगळे एकदम ओरडतात. कुणाचंच कळत नाही आणि जास्त घाबरतात. मी पहिल्यांदा एकालाच विचारतो, तुमच्या शेजारी कोण आहे? त्यांना विचारा, बऱ्या आहात का. मग तो शेजारच्या बाईंना विचारतो, त्या पुढच्याला विचारतात. दोघं-दोघं बोलायला लागली की ओरडणं आपोआप थांबतं. तोवर माझं काम होतं." तो थांबला. आपण फारच बोललो असं वाटून जरा लाजला. "तू एक्केचाळीस जणांशी एकदम का बोलतेस? दोघा-दोघांना लाव कामाला."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. वीसेक वर्षं हा माणूस हे ज्ञान उराशी घेऊन घरात वावरत होता आणि आपण त्याला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. त्यांनी वही ओढून फक्त "थँक्यू" लिहिलं. मग ते अपुरं वाटलं म्हणून त्याच्या हातावर हात ठेवून बसल्या.

सातव्या दिवसापासून जोड्या. प्रत्येक जोडीला कागदाची एक चिठ्ठी. एकाकडे प्रश्न, दुसऱ्याकडे उत्तर लपवलेलं. तुझ्या खिशात काय आहे ते मी पाच प्रश्नांत ओळखणार. तू काल खोटं काय बोललास, ते मला सांग आणि मी कुणाला सांगणार नाही, पण इंग्रजीत. वर्गात गलका नव्हता, गुणगुण होती. बाई बाकांमधून फिरत, वाकून ऐकत, अडलेला शब्द वहीत लिहून दाखवत. कोण कुठे अडतं हे त्यांना एकोणीस वर्षांत प्रथमच कळत होतं. दहाव्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई पाहणीला आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. तिथे एक मुलगी जोडीदाराविना होती. कमी बोलणारी, दाराजवळ बसणारी, घंटा झाली की धाकट्या भावाला खालच्या वर्गातून घ्यायला पळणारी. तिने चिठ्ठी सरळ मुख्याध्यापिकाबाईंपुढे धरली आणि हळूच विचारलं, "मॅडम, व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?"

मुख्याध्यापिकाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, "लिझर्ड्स." आणि खाली वाकून, "डोन्ट टेल एनीवन."

दहा दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पाचव्या आठवड्यात मात्र बाईंची खरी परीक्षा झाली. त्या दिवशीची सुरुवात त्यांना फार आवडलेली होती. फळ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत शीर्षक, 'ग्रामर', आणि खाली पाच वाक्यं, प्रत्येकात मुद्दाम एक चूक. वर्ग म्हणजे पोलीस. पाच चोर पकडायचे. जोड्या कामाला लागल्या. पहिला सापडला, दुसरा, तिसरा. पाचवा सापडल्यावर बाईंनी दोन्ही हात वर करून शाबासकी दिली.

दाराजवळची ती मुलगी उभी राहिली. "बाई, सहा आहेत."

बाईंनी पाच बोटं दाखवली.

"नाही बाई. सहा." मुलगी घाबरली होती, पण ती बसली नाही. "वर, ग्रामर. शेवटी ई-आर नसतं. ए-आर असतं. पुस्तकाच्या कव्हरवर बघा."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक पाहिलं. मग फळा पाहिला. मग पुन्हा पुस्तक.

ए-आर.

एकोणीस वर्षं हा शब्द त्या फळ्याच्या डोक्यावर लिहीत आल्या होत्या. शेकडो मुलांनी तो वहीत उतरवला होता. शाळेत दोन गुणांनी वाचलेली बाईंमधली मुलगी एकोणीस वर्षं ज्या क्षणाला भीत आली होती, तो समोर उभा होता. आवाज असता तर त्यांनी वेळ मारून नेली असती. 'बस खाली, वेळ झाला, पेज थर्टी टू' म्हणत त्या मुलीला आपल्या बोलण्याखाली गाडून टाकलं असतं, आणि ती वर्षभर पुन्हा उठली नसती. हे बाईंना स्वतःला नेमकं कळलं, आणि याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

पण आवाज नव्हता. खडू होता.

त्यांनी बोटाने ई पुसला. ए लिहिला. मग खाली लिहिलं, मी हे एकोणीस वर्षं चुकीचं लिहीत होते. आज कळलं. थँक यू. आणि वळून त्या मुलीकडे बघत छातीवर हात ठेवला.

"बापरे," कुणीतरी म्हणालं. "नाइन्टीन इयर्स?"

बाईंनी मान डोलावली. त्या टारगट पोराने शीळ घातली. वर्ग हसला, पण त्या हसण्यात काटा नव्हता. आभाळ कोसळलं नाही. कुणी पालकांना बोलावलं नाही. उलट एका मुलाने हात वर केला, "बाई, मला पण एक शब्द कधीच येत नाही," आणि त्याच्यामागून दुसरीने, तिसऱ्याने. तास संपेपर्यंत फळा भरून गेला, एक्केचाळीस जणांना न येणाऱ्या शब्दांनी. बाईंनी स्वतःचे आणखी दोन त्यात घातले. त्या दिवशी जिना उतरताना त्यांना पाय हलके वाटले. इतकी वर्षं कसलं ओझं वाहत होतो, असा त्यांना खरोखर प्रश्न पडला.

त्या मुलीची आई पुढच्या आठवड्यात शाळेत आली. लाँड्रीत इस्त्रीचं काम करणारी, उभी राहून बोलणारी बाई. "पोरीनं तुमची चूक काढली म्हणे. मी तिला रागावलेय. माफ करा हं, लहान आहे." बाईंनी घाईघाईने वही उघडली, भरभर लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने सावकाश वाचलं, "तिला रागावू नका. तिच्यामुळे मी सुधारले." तिने ते पान मागून घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग निघताना म्हणाली, "ती घरी भावाला शिकवते आता. भाऊ वैतागलाय."

सहा आठवडे पुरे झाले. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली, बराच वेळ पाहिलं आणि समाधानाने हुंकार दिला. "गेल्या गाठी. आता हळूच काहीतरी म्हणा."

काय म्हणायचं याचा बाईंनी बराच विचार करून ठेवला होता. आयत्या वेळी ते सगळं विसरायला झालं. त्या म्हणाल्या, "आभारी आहे."

आवाज त्यांचा नव्हता. खालच्या पट्टीतला, जाडसर, कुणा दुसऱ्याच बाईचा वाटणारा. डॉक्टर म्हणाले की हा असाच राहील, पूर्वीची खणखणीत पट्टी परत येणार नाही, आणि तासन् तास बोलणं तर नकोच. ते जरा अपराध्यासारखे दिसत होते. बाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. मला एवढा पुरतो." बाहेर नवरा उभा होता. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. बाईंनी सांगायला तोंड उघडलं, मग थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगते. आधी तुमचा दिवस कसा गेला ते सांगा." तो बराच वेळ आठवत राहिला. मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका इमारतीतली, दर मजल्यावर उगाचच थांबणारी लिफ्ट आणि तिच्यातले वैतागलेले आजोबा, असं सगळं त्याने घर येईपर्यंत सांगितलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. बाईंचा पाचवा तास अजूनही दुसऱ्या मजल्यावरच असतो. तासाची पहिली दहा मिनिटं बाई बोलत नाहीत. घशात आता काही नाही, पण ती दहा मिनिटं मुलांची आहेत. सुरुवात काय करायची ते आता मुलंच ठरवतात, पाळीपाळीने, दोघं-दोघं मिळून. नव्याने लागलेल्या शिक्षकांच्या शिबिरात बाईंना दरवर्षी बोलावणं येतं. तास सुरू करण्याच्या कल्पक पद्धती सांगा, म्हणतात. बाई वही काढून सांगायला लागतात, आणि प्रत्येक पद्धतीपुढे कुणाचं तरी देणं निघतं. ही अमक्या मुलाची, ही आमच्या ह्यांची, ही एका फसलेल्या दिवसाची. तरुण शिक्षक भराभर टिपून घेतात. बाई त्यांना म्हणतात, "लिहून घ्या, पण तुमच्या वर्गाला आधी विचारा. त्यांच्याकडे याहून चांगलं काहीतरी असेल."

गेल्या सोमवारी पाळी होती त्या दोन मुलींनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, तिच्यावर एक कोट टांगला, आणि वर्गाला सांगितलं की हा माणूस रुसलाय, त्याला इंग्रजीत बोलून वळवायचं. बाई दुसऱ्या बाकावर दोन मुलांच्या मधे दाटीवाटीने बसल्या होत्या. सगळ्यांचे हात वर झाले, तसा त्यांनीही केला.